मार्कसच्या गुडघ्याबद्दल मी जे सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. इथल्या मराठी मैत्रिणींना तर नाहीच — त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

मी फिजिओथेरपिस्ट, मूळची कोल्हापूरची. नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातले सात महिने समुद्रावर. मी आणि लेक सई इथे परदेशात, हौगांग भागातल्या फ्लॅटमध्ये. सई पाच वर्षांची असताना मला इथल्या एका बास्केटबॉल क्लबात नोकरी लागली, आणि त्याच वर्षी मार्कस आला. अमेरिकन, पावणेसात फूट उंच. त्यांच्याकडच्या मोठ्या लीगने कधी दारात उभं केलं नाही, म्हणून देशोदेशी खेळत फिरलेला. अशा परदेशी खेळाडूशी क्लब एकाच सीझनचा करार करतो. खेळला तर ठेवतात, नाहीतर विमानात बसवतात.

मार्कस राहिला. नुसता राहिला? अहो, लोकांनी डोक्यावर घेतलं त्याला. हॉकर सेंटरमधली, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतली, चिकन राइसवाली मावशी त्याच्या ताटलीत न मागता जास्तीचे तुकडे टाकायची. सामन्याआधी त्याच्या घोट्यांना टेप मीच बांधायची. दुसऱ्या कुणाला तो हात लावू द्यायचा नाही. रविवारी आमच्याकडे येऊन थालीपीठ खायचा, सईला खांद्यावर घ्यायचा. आणि मी — खोटं कशाला बोलू — मी तोऱ्यात असायचे.

तिसऱ्या सीझनला जपानमधल्या एका मोठ्या क्लबाने त्याला विचारलं. एकतीस वर्षांचा होता. आता नाही तर कधीच नाही, हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कागदावरचे रिपोर्ट सगळे बघतात, पण सही करण्याआधी नवा क्लब जुन्या फिजिओला फोन करतो. रोज हात लावणाऱ्या माणसाला जे कळतं ते रिपोर्टात नसतं ना. तसा त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. फार सभ्य गृहस्थ. त्यांनी उजव्या गुडघ्याचं विचारलं.

गुडघा ठणठणीत होता.

मी म्हणाले, लागोपाठ दोन सामने झाले की सुजतो. मी तुमच्या जागी असते तर जपून राहिले असते. बस्, एवढंच. त्यांनी दोनदा आभार मानले आणि फोन ठेवला. त्यांच्या यादीत आणखी नावं असणारच. मार्कसला पुन्हा फोन आला नाही.

का केलं मी असं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले — तो गेला असता तर क्लब बुडाला असता, माझा इथे राहण्याचा नोकरीचा पास गेला असता, सईला घेऊन गाशा गुंडाळावा लागला असता. ऐकायला बरं वाटतं. पण क्लब काही बुडत नव्हता. दुसरा उंच अमेरिकन आणला असता त्यांनी, आणि मी त्याच्या घोट्याला टेप बांधली असती. मला फक्त तो जायला नको होता. त्याच्यामुळे मी कुणीतरी होते.

आणि तेही एक वेळ सोडा. महिनाभराने टेप बांधून घेताना त्याने खाली बघत विचारलं, "डॉक, मी कमी पडलो का गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "असेल. त्या लेव्हलला वय बघतात, मार्कस."

त्याने मान हलवली. माझ्यावर विश्वास होता ना त्याचा.

पुढे तो इथेच खेळला, जिंकला, इथलीच मुलगी केली. आता इथल्याच क्वीन्सटाउन भागातल्या कोर्टावर मुलांना शिकवतो. परदेशात येऊन नाव काढलेला माणूस म्हणून लोक त्याचं उदाहरण देतात. सई त्याच्याकडेच शिकते. पंधराची झाली, माझ्याहून वीतभर उंच. तिला ऑस्ट्रेलियातल्या एका अकादमीच्या निवड चाचणीला बोलावलं होतं. गेल्या शनिवारी सराव संपल्यावर तिने त्याला विचारलं, जाऊ का म्हणून.

तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. शांतपणे, मायेने सांगत होता — मलाही एकदा मोठ्या ठिकाणाहून विचारणा झाली होती, पण मी तेवढा चांगला नव्हतो. ते मान्य केलं आणि सुखी झालो. आपली उंची कुठवर आहे ते ज्याचं त्याने ओळखावं, सई.

मी वरच्या पायरीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

घरी येताना एमआरटी मेट्रोत सईने नाव मागे घेतल्याचा मेल पाठवला. मी काही विचारायच्या आत, इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "नेव्हर माइंड ला, आई. अंकल मार्कसला जमलं नाही, मला कुठून जमणार?"

त्याला जमलं असतं. मला माहीत होतं. मी तिच्या शेजारी बसून हौगांगपर्यंत आले आणि तिला ते सांगितलं नाही.