एका पिंजऱ्यातले नर

वडवणीच्या रस्त्याला आमचं फार्मसी कॉलेज आहे. वर्गांच्या मागच्या बाजूला अ‍ॅनिमल हाऊस. दोन खोल्या, एक कूलर आणि मांडणीवर ओळीनं पिंजरे. औषधांच्या प्रयोगांना लागणारे पांढरे उंदीर आम्ही तिथंच वाढवायचो. देखरेख माझ्याकडे होती, पण पिंजऱ्यातलं तूस बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, पिल्लं वेगळी करणं हे रोजचं काम मामूंचं. मामू शिपाई, बीडचे. आधी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वयानं माझ्या वडिलांएवढे.

उंदराची मादी व्याली की लगेच पुन्हा गाभण राहते. पहिली पिल्लं तीन आठवड्यांची होईतो दुसरी खेप दारात. तेव्हा मोठी पिल्लं आईपासून तोडायची, नर एकीकडे, माद्या एकीकडे. नाही तोडली तर नवी पिल्लं तुडवली जातात. आणि मादीजवळ राहिलेला नर परत दुसऱ्या नरांत सोडायचा नाही. सोडला तर तो मारतो, नाहीतर मरतो. हे सगळं सांभाळायला रिकामे पिंजरे लागतात, आणि आमच्याकडे तेच नसायचे.

उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला मी गेवराईला गेले. परत आले त्या सकाळी दारातच वास आला. उंदरांच्या मुताचा वास मला आता जाणवतसुद्धा नाही. हा रक्ताचा होता. मामू मांडणीपाशी उभे होते, अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"मॅडम, आधी बसा तुमी."

"काय झालं मामू?"

"सरांनी पिंजरे रिकामे करायला लावले. नवे उंदीर आनायचेत म्हनले. जोडीतले सगळे नर एकात टाक म्हनले. म्या लई सांगितलं. न्हाई ऐकलं."

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख.

मी झाकण उचललं. दोन नर मरून पडले होते, शेपटीपासून पाठीपर्यंत सोलल्यासारखे. तिसरा कुशीवर पडून धापा टाकत होता, मागचे पाय ओढत. चौथा कोपऱ्यात मागच्या पायांवर उभा होता आणि पाचवा त्याच्या पोटाखाली तोंड घालून चावत होता. मी हात घातला, तर त्यानं हातमोज्यासकट माझं बोट धरलं. सोडेचना. त्या एकाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

शेजारच्या पिंजऱ्यात मादी व्याली होती. तोडायची राहिलेली मोठी पिल्लं तिला लुचत होती आणि त्यांच्या पायाखाली नवी, गुलाबी, चेंगरलेली. काही तिनंच अर्धी खाल्ली होती.

जखमी दोघं जगण्यातले नव्हते. मी त्यांना टेबलावर घेऊन एकेकाची मान निखळवली. शिकलेलं काम आहे, क्षणात होतं.

तेवढ्यात सर आले. मामूंकडे बघून म्हणाले, "काय बे, अजून साफ झालं नाही?"

"सर, हे तुम्ही करायला लावलंत?" मी विचारलं.

"उंदीर आहेत, मॅडम. उद्या प्रयोगात मरणारच होते."

"असे मरणार नव्हते."

त्यांनी व्यालेल्या मादीचा पिंजरा खाली ओढला आणि तिला माद्यांच्या भरलेल्या पिंजऱ्यात ओतायला निघाले. मामूंनी दुसरी कड धरली.

"तिला राहू द्या, सर. पिल्लं हायेत अजून."

"सोड बे."

"न्हाई सोडत."

सरांनी त्यांच्या कानाखाली वाजवली.

मामूंनी पिंजरा हिसकून घेतला, मांडणीवर नीट ठेवला. मग वळून सरांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर आपटलं. परत आपटलं. बाटल्यांचा स्टँड कोसळला, काचा पायाखाली आल्या. सरांच्या नाकातून रक्त आलं आणि ते ओरडायचे थांबले. खरं सांगायचं तर मला मामूंना थांबवावंसं वाटत नव्हतं. तरी मी मधे घुसले. कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि दात ओठात घुसला.

माझं रक्त बघून मामूंचे हात थांबले. "मॅडम, म्या मारलं का तुमाला? म्या मारलं?"

"नाही मामू. सोडा त्यांना."

दुपारी प्राचार्यांनी तिघांना बोलावलं. सरांनी सांगितलं, शिपायानं अंगावर हात टाकला. मी पहिल्या थपडेपासून सगळं सांगितलं. प्राचार्य ऐकत होते, पण थपडेबद्दल त्यांनी सरांना एक शब्द विचारला नाही. मामूंना उद्यापासून येऊ नका म्हणाले.

"मग उंदरांची पैदास आजपासून बंद," मी म्हणाले. "पुरेसे पिंजरे येईपर्यंत एकही जोडी लावणार नाही."

"पण मॅडम, प्रॅक्टिकलचं काय?"

"बाहेरून आणा. नाहीतर दुसरं कुणी नेमा."

दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

मी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये परतले तर मामू काचा वेचत होते. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून मोठी पिल्लं आईपासून तोडली; ते एकेक पिल्लू उचलून हातात द्यायचे, मी नर की मादी ते बघायचे. ओठ सुजल्यामुळे मला नीट बोलता येत नव्हतं. मी बोटानंच दाखवायचे आणि ते त्या त्या पिंजऱ्यात सोडायचे.