मागच्या सीटवरचं वजन

आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाकडून एक आवाज यायचा. गतिरोधकावरून गाडी उतरली की 'टक्'. पुढे बसून अप्पांना तो नीट ऐकू यायचा नाही, म्हणून शाळेत होते तेव्हापासून मी मागे डावीकडे बसायचे. ते आरशातून माझ्याकडे बघत आणि विचारत, "बंतु?" म्हणजे आला का. मी म्हणायचे, "बंतु." नसेल आला तर, "इल्ला." घरात आम्ही मराठी बोलतो, पण गाडीचं बोलणं कसं कोण जाणे कन्नडमध्येच व्हायचं. मी कमी बोलते. अप्पाही तसेच. दिवसभरातलं आमचं बोलणं कधीकधी एवढंच असे, आणि मला ते पुरायचं.

गेल्या वर्षी दादाचं लग्न झालं. वहिनी नाशिकची, मेकॅनिकल शिकलेली. दादाला गाडी चालवण्यापुरतीच हवी असते. वहिनी मात्र आल्यावर महिनाभरात गाडीखाली शिरली.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारी लांब दांडी असते, तिच्या दोन्ही टोकांना रबराचे बुश. डावीकडची दांडी गंजून पातळ झाली होती आणि बुशची जागा सैल. तो भाग आता कुठेच मिळत नाही. अप्पा म्हणाले, "विकून टाकू या की आता."

गाडीखालून वहिनीचा आवाज आला, "विकायची कशाला, बाबा? नवी दांडी आपणच करू."

त्या 'आपण'मध्ये कोण कोण आहे ते मला लगेच कळलं.

मग रोज संध्याकाळी दोघं शेडमध्ये. जुन्या दांडीच्या दोन भोकांतलं अंतर चुकू नये म्हणून वहिनीने जाड फळीवर दोन बोल्ट रोवून साचा केला. लोखंडी नळी त्यात धरायची, टोकांना कड्या बसवायच्या, मगच वेल्डिंग. बुश दुसऱ्या एका गाडीचे घ्यायचे आणि कड्या आतून त्यांच्या मापाच्या कातून घ्यायच्या. मी चहा नेऊन द्यायचे आणि कप रिकामे होईपर्यंत दारात उभी राहायचे. अप्पा तिच्यासाठी गाडीच्या कामाचे मराठी शब्द आठवून आठवून बोलत. माझ्यासाठी त्यांना कधी काही आठवावं लागलं नव्हतं, पण त्याचं मला कौतुक वाटायचं थांबलं होतं.

कड्या कातायला ते दोघं लष्कर मोहल्ल्यात लेथवाल्याकडे गेले तेव्हा मीही गेले. कुणी बोलावलं नव्हतं. लेथवाल्याने वहिनीला कॅलिपरने माप घेताना पाहिलं आणि अप्पांना विचारलं, "मगळा?" मुलगी का.

"सोसे," अप्पा हसून म्हणाले. सून. मग थोड्या वेळाने माझ्याकडे हात करून, "मुलगी ही."

तो थोडा वेळ मी अजून विसरलेले नाही.

दांडी बसवली त्या रविवारी वहिनी एकदम कपाळाला हात लावून ओरडली, "अरे देवा! बाबा, आपण चाक लटकतं असताना बोल्ट आवळले." गाडी जॅकवर असताना आवळले तर रबर त्या स्थितीत धरून बसतं. चाकावर वजन आलं की ते पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणजे बोल्ट ढिले करायचे, चारही चाकं ठोकळ्यांवर टेकवायची, गाडीत नेहमीइतकं वजन भरायचं आणि मग आवळायचे.

"स्वतःची चूक स्वतःच पकडली बघ," अप्पा मला म्हणाले. तिच्या चुकासुद्धा कौतुकाच्या होत्या.

पुढे तांदळाची पोती ठेवली. मागे मला बसवलं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"काही नाही गं, सुम्ने बस. हलू नको," अप्पा म्हणाले आणि दोघं गाडीखाली गेले.

मी नुसती बसून राहिले. सीटखालून पाना आपटल्याचा आवाज, मग वहिनीचं हसणं, मग अप्पांचं. अप्पा इतके हसतात हे मला गाडीच्या पत्र्यातून कळावं! एकदा वाटलं, जोरात हलावं. हलले नाही. पोती आणि मी, सारखंच काम करत होतो.

"आयतु!" अप्पांनी खालून सांगितलं. झालं.

लगेच बन्नूरच्या रस्त्याला निघालो. पुढे कोण बसणार हे कुणी विचारलंच नाही. वहिनी बसली. मी मागे डावीकडे. पहिला गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली. काहीच नाही. इतकी वर्षं ज्यासाठी मी तिथे बसत होते, ते संपलं होतं.

अप्पांनी सवयीने आरशात बघितलं. "बंतु?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "इल्ला, बाबा! अजिबात नाही!" आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, मलाही आनंद झाला असेल.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ऊस, मग भात, मग पुन्हा ऊस. दुसरा गतिरोधक. तेव्हा मला एक आवाज ऐकू आला. अगदी बारीक, आणि डावीकडून नाही. डावीकडच्या आवाजाखाली तो इतके दिवस दडला असणार.

"बंतु," मी म्हणाले.

अप्पांनी गाडी हळू केली. "एल्ली? कुठं?"

"उजवीकडे."

"मला नाही ऐकू आलं," वहिनी म्हणाली.

"तिला येतो," अप्पा म्हणाले. गाडी वळवून ते पुन्हा त्याच गतिरोधकावरून गेले, आरशात माझ्याकडे बघत. मी मान डोलावली. फार दिवसांनी बरं वाटलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की मी काय केलं होतं.

"मग उजवीही करू," अप्पा खुशीत म्हणाले. "साचा आहेच."

आणखी महिनाभर संध्याकाळी शेडमध्ये ते दोघं. ते मीच त्यांना दिलं होतं.

वहिनी सीटवरून पूर्ण मागे वळली. "या वेळी तू ये खाली. मी बसते वर, वजन म्हणून. तुझ्यापेक्षा जास्तच भरेन."

अप्पा हसले. किती सहज म्हणाली ती. मला जमलं नसतं.

"बघू," मी म्हणाले, आणि पुढचा गतिरोधक येईपर्यंत कान उजवीकडे लावून बसले.