नवीन टॅबमध्ये उघडणारा अर्ज

या ग्रुपवरचे अजब अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून नुसते वाचतेय, कधी कमेंटही केली नाही. खरं सांगायचं तर वाचताना प्रत्येक अनुभवाला मनातल्या मनात एखादं साधं कारण शोधून द्यायचे, आणि बहुतेक वेळा ते सापडायचं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

मी अकोले तालुक्यात राजूरला, मामाच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते. शाळा नगरला इंग्लिश मीडियममध्ये झाली. त्यामुळे साईटवरचं इंग्रजी मी वाचायचं आणि गिऱ्हाइकांशी मामानं बोलायचं, अशी वाटणी आहे. मला ती सोयीची आहे.

ब्राउझरमध्ये नवीन टॅब उघडला की बातम्या, जाहिराती, नट्यांचे फोटो यायचे. मागे उभी असलेली चार माणसं खांद्यावरून बघत असायची. मला लाज वाटायची. म्हणून मी ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेंशन टाकलं आणि नवीन टॅबसाठी स्वतःचं पान बनवलं — पांढरं, त्यावर सातबारा, रेशन कार्ड, स्कॉलरशिप अशा सहा लिंक. तीन आठवडे ते नीट चाललं.

मग एका सोमवारी टॅब उघडला तर माझं पान नाही. नर्सिंगच्या ॲडमिशनची साईट, अर्जाची स्थिती बघायचं पान, आणि चौकटीत एक अर्ज क्रमांक आधीच भरलेला. मामानं काहीतरी दाबलं असेल म्हणून बंद केलं. पुढचा टॅब — तेच पान, तोच क्रमांक. एक्स्टेंशन काढून पुन्हा टाकलं. सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला आणल्या. मंगळवारी संध्याकाळी तो ब्राउझर सोडून दुसरा टाकला, त्यात पुन्हा माझं पान लावलं. बुधवारी सकाळी त्यातही तेच.

"व्हायरस असंल," मामा म्हणाला.

"व्हायरसला नर्सिंगला कशाला जायचंय?"

"शिकंल की. तुझ्यापेक्षा बोलका तरी निघंल."

तेव्हा कुठे मी त्या क्रमांकाखालचं बटण दाबून बघितलं. अर्जदार रोहिणी, गाव भंडारदऱ्याच्या पलीकडचं. उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट, पुन्हा अपलोड करा, नाहीतर अर्ज रद्द. मुदत — त्याच दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत.

अर्जावर मोबाईल नंबर मामाचा होता. डोंगराकडच्या गावांत रेंज नसते, रिचार्ज संपलेलं असतं, म्हणून मामा सगळ्यांच्या फॉर्मवर आपलाच नंबर टाकतो. मेसेज आला की गावात निरोप धाडायचा. हा मेसेज आठ दिवसांपूर्वी आला होता आणि न वाचलेल्या शंभरेक मेसेजांखाली पडला होता. मामानं तो उघडून वाचला.

"माझ्यामुळं पोरीचं वर्ष जाईल," एवढंच म्हणाला.

रोहिणीच्या वडिलांचा फोन बंद. आम्ही जीपच्या स्टँडवर गेलो. तिच्या गावाकडे जाणारी गाडी भरत आली होती.

"दाखला घेऊन तिला तुझ्याच गाडीत आन. लई अर्जंट हाय," मामा ड्रायव्हरला म्हणाला.

"भाताची आवणी चालू हाय. शेतात असंल ती."

"मग बांधावर जा."

"जीप घालू का बांधावर? तुमी या ढकलायला." त्यानं स्टार्टर मारला. "आनतो म्हनलं ना."

साडेचारला रोहिणी आणि तिची आई दुकानात आल्या. भाताची रोपं लावता लावता उठून आलेल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत. मी स्कॅन केला. साईट दोनदा अडकली. मामा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभा होता. चार बावन्नला दाखला मिळाल्याची पोच आली.

"ताई, तुम्हाला कसं कळलं?" रोहिणीनं विचारलं.

"चेक करत होते."

"लई माया केली बाय तुमी," तिची आई म्हणाली. मी पोचेची प्रिंट काढून दिली.

त्या गेल्यावर नवीन टॅब उघडला. माझं पांढरं पान. आजपर्यंत तेच उघडतंय.

रोहिणीचा अर्ज मी दुकानात यायच्या आधीच मामाच्या जुन्या कॉम्प्युटरवर भरला गेला होता, आणि तो कॉम्प्युटर भंगारात गेलाय. हा कॉम्प्युटर नवा आहे, दोन्ही ब्राउझर मी टाकलेले, कुठलंही अकाउंट जोडलेलं नाही. दोन्हींची हिस्टरी दोनदा तपासली. ते पान मी तीन दिवसांत निदान पन्नास वेळा बंद केलं असेल, पण त्याची एकही नोंद नाही... फक्त मी मुद्दाम बटण दाबलं, तेवढी एक आहे.

दुसऱ्या दिवशी मामानं आणि मी बसून त्याच्या फोनमधले सगळे मेसेज वाचले. त्यात सविता नावाच्या मुलीचाही एक निघाला. तोच कोर्स, तीच चूक. तिची मुदत मंगळवारी संपली होती.

मंगळवारी दिवसभर त्या टॅबमध्ये रोहिणीचा क्रमांक येत होता. सविताचा का आला नाही, हे मला सांगता येत नाही. तिच्या घरी मामा स्वतः जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.