बलक येतो कुठून

चष्मा कपाळावर चढवून आमच्या मॅडम विचारायच्या, "हे आलं कुठून?" उत्तरपत्रिकेतलं वाक्य असो की माझ्या डब्यातली जिलबी, सुटका नसे. अलिबागजवळच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. मी त्यांच्या हाताखाली, तासिका तत्त्वावर. माझ्याकडे तत्त्व तेवढं एकच होतं.

बेडकीच्या अंड्यात बलक कसा भरतो, हा त्यांचा आवडता विषय. त्याचा कच्चा माल आईच्या यकृतात तयार होतो, रक्तातून अंड्यापाशी येतो, आणि अंडं आपल्या आवरणाला बारीक खळगे पाडून नेमका तोच आत ओढून घेतं. बेडूक कापणं आता बंद, म्हणून त्या वाटीभर साबुदाणा कोकम सरबतात भिजवून वर्गात नेत. "साबुदाणा मिळेल ते पितो. अंडं निवडून घेतं. हा फरक लिहा."

त्या दिवशी संकष्टी होती. मला सातवा लागलेला, पोटात कावळे ओरडत होते, आणि स्टाफरूममध्ये ती वाटी झाकून ठेवलेली. कुणीतरी उपासवाल्यांची सोय केलीय असं समजून मी ती चमच्याने फस्त केली.

मॅडम आल्या. "अगो, संकष्टीला माझी अंडी खाल्लीस?"

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. "डॉक्टर काय म्हणाले?"

"बाळाचं वजन कमी आहे. माझं रक्तही."

"आणि तू उपास करतेस?"

"बाळासाठीच, मॅडम."

"बेडकीसुद्धा उपाशी राहून अंडी भरत नाही. मुलांना शिकवतेस तरी काय?"

काय शिकवत होते, गणपती जाणे. वर्गात यकृत, घरी नवस. दोन्ही अगदी मन लावून.

दुसऱ्या दिवसापासून खजूर, नाचणीची खीर आणि चौलच्या त्यांच्या वाडीतली केळी सुरू झाली. समोर बसवून संपवायला लावत. स्वतः मात्र नुसता भात चिवडत. तुमच्या एव्हाना काही लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. प्राणिशास्त्राची शिक्षिका ना मी! त्यांची मूत्रपिंडं निकामी होत आली होती, केळं-खजूर त्यांना वर्ज्य होतं, हे त्या रजेवर गेल्यावर मला कळलं.

मुलगी गुटगुटीत झाली. तिला दाखवायला चौलला गेले तेव्हा मॅडम अंथरुणाला खिळल्या होत्या. हात सुयांनी काळेनिळे झालेले. तरी तिला जवळ घेतलंच.

"खादाड दिसतेय. आईवर गेली नाही, बरं झालं."

नवरात्रात त्या गेल्या. फोन आला तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. मी हमसून रडत होते, आणि ती डोळे मिटून, मूठ आवळून, पोटभर ओढत होती.