ओल्या रंगातली बातमी

नगरपालिकेच्या रुग्णालयात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या, आमच्या कामगार संघटनेच्या सरचिटणीसांच्या. सरचिटणीस रुग्णवाहिका चालवायचे. एकदा भर सभेत त्यांनी "वहिनी, तो माइक जरा इकडे द्या" म्हटलं आणि त्या दिवसापासून ही बाई अख्ख्या रुग्णालयाची वहिनी झाली. वडिलांच्या वयाचे शिपाईसुद्धा त्यांना वहिनी म्हणत. एकदा मोठ्या डॉक्टरीणबाई चुकून म्हणून गेल्या, तेव्हा मात्र वहिनी लाजून बॉयलरच्या खोलीत पळाल्या होत्या.

मी केसपेपरच्या खिडकीत बसायचो. त्या धुलाईत होत्या.

धुलाई म्हणजे रुग्णालयाच्या मागच्या अंगाची लांबट खोली. सगळ्या वॉर्डांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले तिथे येत. कशाकशाने भरलेले, ते विचारू नये. ते निवडायचं, मशीनला लावायचं, वाळलं की रोलरच्या मोठ्या इस्त्रीतून काढायचं आणि घड्या घालायच्या. चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत येऊन टोकं जुळवायची, पुन्हा मागे सरायचं. दिवसभर हेच. समोरचीचं पाऊल कधी उचलणार, हे काही महिन्यांनी न बघताच कळायला लागतं.

वहिनींच्या समोरचं टोक धरायची ती शेंग. चवळीच्या शेंगेसारखी बारीक आणि उंच, म्हणून शेंग. ती कंत्राटी होती. एकच काम, एकच वाफ, एकच घाम. पण वहिनी नगरपालिकेच्या आणि शेंग कंत्राटदाराची. आमच्या संघटनेच्या घटनेत सभासदत्व फक्त कायम कामगारांना होतं, त्यामुळे शेंग आमचीही नव्हती. ही गोष्ट तेव्हा आम्हा कुणालाच फारशी खटकत नसे. मलाही नाही.

वहिनींचे यजमान नगरपालिकेच्या रस्ते विभागात पाट्या रंगवायचे. पुढे वळण आहे, येथे वाहने लावू नयेत, शाळांची नावं, बागांच्या वेळा. शहरातली निम्मी अक्षरं त्यांच्या हातची. बोलायचे मात्र इतकं कमी, की दोघा भावांच्या वाट्याचं बोलणं धाकट्यानेच उचललं असावं, असं लोक गमतीने म्हणत. लग्नानंतर त्यांनी बायकोला अक्षर वळवायला शिकवलं. तेही न बोलताच, हात धरून.

म्हणून फळा वहिनींकडे आला. रुग्णालयाच्या फाटकाशी संघटनेचा काळा फळा होता. सरचिटणीस उत्तम भाषण करत, पण त्यांचं अक्षर म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय. त्यांनी एक दिवस खडू वहिनींच्या हातात दिला आणि सांगितलं, आठवड्याच्या बातम्या तुम्ही लिहीत जा, मजकूर मी देईन.

मजकूर ठरलेला असे. अमुक दिवशी सभा. तमुक यांचा निवृत्तीनिमित्त सत्कार. सभासदांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे. वहिनी ते सुबक अक्षरात लिहीत आणि कुणीही ते वाचत नसे. मग खाली जागा उरते म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाने एक ओळ घातली: "प्रसूती वॉर्डात काम करणाऱ्या आयांना अखेर बसायला स्टूल मिळाले. एकच मिळाले आहे. पाळीपाळीने बसावे." त्या दिवशी फळ्यापाशी पहिल्यांदा लोक थांबले. हसले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन स्टुलं आली.

पुढे सवयच झाली. पाणीपुरवठ्याचा एक कामगार भर थंडीत टाकीत उतरला, त्याची बातमी. शवागारातल्या मदतनिसाच्या मुलीला नोकरी लागली, त्याची बातमी. बागेतल्या माळ्यांना नवे बूट आले आणि सगळे एकाच मापाचे निघाले, त्याची तर लोक तोंडपाठ म्हणत. पेशंटांचे नातेवाईकही उभे राहून वाचायला लागले. सरचिटणीस ज्याला त्याला सांगत, आमच्या वहिनींसारखं पेपरवाल्यांना जमणार नाही. मनापासून सांगत.

मग शेंगेचा हात भाजला.

इस्त्रीच्या रोलरपुढे एक आडवा दांडा असतो, हात आत ओढला जाऊ नये म्हणून. तो तुटून पडला होता आणि तारेने बांधून ठेवला होता. मुकादमाला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. त्या दिवशी तार सुटली. चादरीबरोबर शेंगेचा उजवा हात आत गेला. वहिनींनी धावत जाऊन बटण दाबलं. शेंग ओरडलीसुद्धा नाही, असं वहिनी सांगत. नुसती "वहिनी, वहिनी" म्हणत राहिली, हळू आवाजात, जणू कुणाला त्रास होऊ नये.

त्याच इमारतीत वर तिच्यावर उपचार झाले. कंत्राटदाराने निरोप पाठवला, बरं वाटेपर्यंत घरी बस. म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. वहिनी सरचिटणीसांकडे गेल्या.

सरचिटणीसांचं म्हणणं इथे नीट सांगायला हवं, कारण तो माणूस काही वाईट नव्हता. वर्षभर ते नगरपालिकेच्या दारात चपला झिजवत होते. धुलाईतल्या कायम बायकांना त्या वाफेतून काढून वॉर्डांत हलकं काम द्यावं, अशी बोलणी चालली होती आणि करार सहीपर्यंत आला होता. त्या बायकांचे गुडघे गेले होते, दम लागत होता. स्वतः वहिनींना दोन जिने चढताना मधे थांबावं लागे. बदल्यात धुलाई पूर्णपणे कंत्राटदाराला जाणार होती. अशा वेळी अपघाताचा बोभाटा झाला, तर चौकशी लागणार आणि करार लटकणार.

"सही होऊ दे, वहिनी. तोवर शेंगेचं फळ्यावर नको," ते म्हणाले. "हे मी तुमच्यासाठीच करतोय ना?"

ते खरंच होतं. त्या आठवड्यात त्यांनी दोन सत्कार आणि एका सहलीची बातमी लिहिली.

दोन दिवसांनी शेंग ड्रेसिंगला आली. हात गळ्यात अडकवलेला. जाताना ती फळ्यापाशी थांबली. मला खिडकीतून दिसत होती. तिने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, खालची रिकामी जागाही नीट पाहिली आणि निघून गेली. वहिनी तेव्हा धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत अंगणातून चालल्या होत्या. त्यांनीही पाहिलं. त्या दिवशी समोरचं टोक धरायला दुसरी बाई दिली होती, आणि वहिनींची एकही घडी सरळ येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळा पुसून लिहिलं:

"धुलाईत काम करणाऱ्या एका बाईचा हात इस्त्रीत भाजला. इस्त्रीचा दांडा तुटला आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. ती आपली सभासद नाही, कारण आपण तिला सभासद करून घेतले नाही."

बाकी काही नाही. वर सभा नाही, खाली सत्कार नाही.

दुपारी फळा स्वच्छ झालेला होता. संध्याकाळी सरचिटणीस भावाच्या घरी आले. पुढचं मला वहिनींनी नंतर सांगितलं. जेवण वाढलेलं होतं आणि ते ताटावर बसलेच नाहीत. उभ्यानेच बोलत राहिले. घरच्या माणसाने पाठीत वार केला, आता नगरपालिकेपुढे मी काय तोंड दाखवू, हे सगळं. शेवटी थोरले भाऊ बोलले.

"तिने लिहिलंय त्यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही, दादा," सरचिटणीस म्हणाले. "खोटं असतं तर मी खुलासा केला असता. खरं आहे म्हणून तर पुसावं लागलं."

आणि ते न जेवता गेले. वहिनींनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. मग नवऱ्याला विचारलं, "अहो, खडू पुसला जातो. तुमचा रंग?"

नवऱ्याने थोडा विचार केला. "ओला असेपर्यंत जातो," ते म्हणाले. "चांगलं ऊन असलं तर दुपारपर्यंत धरतो."

सकाळी मी कामावर आलो, तेव्हा फाटकाशी शिडी लावलेली होती. वहिनींचे यजमान शिडी धरून उभे होते, दुसऱ्या हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. वर वहिनी. तीच तीन वाक्यं, तशीच. हाताला सवय खडूची, त्यामुळे ब्रश जड जात होता. पहिल्या ओळीतली अक्षरं जरा थरथरलेली आहेत. यजमानांनी एकदाही ब्रश मागितला नाही. फक्त मधेच म्हणाले, "वेलांटी खाली ओघळतेय. बोटाने टीप."

लिहून झाल्यावर वहिनी खाली उतरल्या आणि फळ्यापुढे उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचलेला, हात रंगाने भरलेले. पाळी सुरू व्हायची वेळ झाली तरी हलल्या नाहीत.

रुग्णवाहिका आत आली. सरचिटणीस उतरले, पाहिलं, आणि गाडीतून टर्पेंटाइनने भिजवलेलं फडकं घेऊन आले. तोपर्यंत आम्ही बरेच जण जमलो होतो. कुणी मधे पडलं नाही. पडायला हवं होतं की नको, हेच कळत नव्हतं. एक दीर, एक भावजय, भाऊ तिथेच शिडीची घडी करतोय. घरचंच भांडण, पण सगळ्या संघटनेच्या दारात.

वहिनी बाजूला झाल्या. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं.

"पुसायचं तर आत्ताच पुसा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दुपारनंतर निघणार नाही. आणि मी पुन्हा लिहिणार नाही. मलाही धाप लागते. मलाही वॉर्डात जायचंय. तुम्ही पुसलंत तर मी गुपचूप जाईन."

सरचिटणीस फडकं धरून उभे राहिले. एक हात फिरवला असता तर सगळं गेलं असतं. त्यांनी पहिली ओळ वाचली, मग दुसरी. तिसरीशी आले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. धुलाईतल्या बायका एकेक करून मागच्या दाराने बाहेर आल्या होत्या, कायम आणि कंत्राटी दोन्ही, आणि आज पहिल्यांदाच कोण कुठली ते ओळखता येत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे वाफेने सारखेच लाल.

"ही घटना मीच लिहिली, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "सभासद कोण व्हायचं, ते. तेव्हा कंत्राटी कुणी नव्हतंच हो."

मग ते फळ्याखालच्या पायरीवर बसले. फडकं गुंडाळून पायाशी ठेवलं. थोड्या वेळाने यजमान त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ऊन चांगलं होतं. रंग धरला.

पुढच्या गोष्टी काही नाटकासारख्या झाल्या नाहीत. इस्त्रीचा दांडा आठवडाभरात बसवला, कारण फाटकातून येणारा प्रत्येक नातेवाईक विचारायला लागला, ती इस्त्री कुठली हो. चौकशी लागली. घटना बदलायचा ठराव सरचिटणीसांनी स्वतः मांडला. त्यांचं नेहमीचं भाषण त्या दिवशी नव्हतं. कागद वाचल्यासारखे बोलले आणि बसले. वाद खूप झाला. आपल्या तोंडचा घास वाटून टाकायचा का, असं लोकांनी उघड विचारलं. ठराव जेमतेम झाला. शेंग आणि तिच्यासारख्या साठएक जणी संघटनेत आल्या. शेंगेला पुन्हा कामावर घ्यायला नगरपालिकेने कंत्राटदाराला भाग पाडलं, पण तिची दोन बोटं वळत नाहीत. आता ती वॉर्डावॉर्डांत धुतलेले कपडे पोहोचवते. घडीला पुन्हा कधी उभी राहिली नाही.

करार मात्र लटकला तो लटकलाच. वॉर्डातली हलकी कामं कुणालाच मिळाली नाहीत. वहिनी आणखी काही वर्षं त्याच वाफेत राहिल्या. धुलाईतली एक जुनी बाई, गुडघ्यांनी पार अधू झालेली, त्यांच्याशी बोलायची बंद झाली. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी ती वहिनींना एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या तीन ओळींपायी मी इथेच राहिले." वहिनींनी वाद घातला नाही. मला सांगताना त्या म्हणाल्या, ती म्हणते ते बरोबरच आहे, तिला मी काय सांगू?

फळा तसाच रंगलेला राहिला, त्यामुळे त्यावर खडूने काही लिहिता येईना. संघटनेने शेजारी नवा लावला आणि वहिनी त्यावर लिहू लागल्या.

सरचिटणीस त्यांच्याकडे जेवायला येत नव्हते. सणासमारंभालाही नाही. पावसाळा गेला, थंडी आली. मग एका रविवारी दुपारी ते दारात उभे राहिले, भावाच्या डोळ्यांचं कसं काय ते विचारायला आलोय म्हणाले. डोळ्यांचं ठीकच होतं. वहिनींनी पाट मांडला. जेवताना ते इकडचं तिकडचं बोलत राहिले, आणि हात धुताना, पाठमोरे असतानाच, म्हणाले की सफाई विभागात कंत्राटी माणसांना हातमोजे देत नाहीत, तुम्ही एकदा स्वतः जाऊन बघून या, मी सांगण्यापेक्षा ते बरं.

वहिनींनी विचारलं, उद्या सकाळी नेता का गाडीतून?

ते म्हणाले, नेतो.