कडुनिंबाला विचारून

आज सकाळी आखातातल्या अस्कर गावच्या आमच्या क्लिनिकमागे माळी कडुनिंब छाटत होता. त्या कडवट वासानं मला वीस वर्षं मागे नेलं.

तेव्हा रेहेमा नावाची केनियाची नर्स माझ्यासोबत होती. तिची आई गावची वैद्य. हिरड्या दुखत होत्या म्हणून रेहेमाला याच झाडाची साल हवी होती. तिनं खोडावर तळवा ठेवला, डोळे मिटले, आईचं नि आजीचं नाव घेतलं आणि झाडाकडे साल मागितली. मग एकाच बाजूची बोटभर पट्टी काढून तिथं ओला चिखल लिंपला.

मी लॅब टेक्निशियन, बुद्धविहारात वाढलेली, मंत्रतंत्र म्हटलं की चिडणारी. हसून म्हणाले, "अगं, झाडाला काय ऐकू येतंय?"

"मला येतं ना!" ती म्हणाली. "मागून घेतलं की हात हावरा होत नाही. सालीतून झाडाचं अन्न मुळांकडे जातं. सगळीकडून सोललं तर झाड खलास. माझ्या आईनं शाळा पाहिली नाही, पण हे तिला ठाऊक आहे."

तिची मान ताठ होती. माझीच खाली गेली.

आता खोडावरचा तो व्रण भरून आलाय. माझ्याच आजीची करामत असावी, अशा तोऱ्यात मी तो माळ्याला दाखवला.

मग आत आले. सोलापूरचा एक फिटर रक्त द्यायला बाही सरकवून बसला होता. सुई उचलण्याआधी, त्या दिवसापासूनच्या सवयीनं, मी त्याच्या हातावर तळवा ठेवला आणि विचारलं, "दादा, थोडं घेऊ का?"