वनजाबाईंनी घेतलेली हजेरी

म्हैसूरमधल्या आमच्या गोकुलम वस्तीच्या वनजाबाईंना समोरच्याचं घराणं विचारल्याशिवाय कॉफी गोड लागत नाही. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचे. बाईंनी घोडा तेवढा सोडला, चौकशी चालू ठेवली. यजमान भुजंगराव मुलगी बघायला आले तेव्हा बाईंच्या प्रश्नांनी त्यांनाच घाम फुटला होता म्हणे. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

दसऱ्यात आमच्याकडे घरोघरी बाहुल्या मांडतात. गेल्या दसऱ्यात बाई शेजारच्या सरोजिनीबाईंकडे बाहुल्या बघायला गेल्या. या नाशिकच्या, मुलगा जय याच्याबरोबर इथे आलेल्या, आमचं बघून बाहुल्या मांडू लागलेल्या. नवरात्रात बाहुल्या मांडल्या की दार उघडं हवं, यांचं बंद! बाई मागच्या दाराने आत.

सरोजिनीबाई रडवेल्या, मोबाइलपुढे ताठ बसलेल्या. पडद्यावर खाकीतला साहेब. जयच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही घरातच अटकेत आहात, कुणाशी बोलायचं नाही, बँकेतली सगळी पुंजी तपासणीसाठी पाठवा, असं तो सकाळपासून दरडावत होता. सरोजिनीबाईंनी पैसे पाठवायचं शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

वनजाबाईंना यातलं काय ठाऊक? परगावच्या नातलगांना फोनवर बाहुल्या दाखवायची आमच्याकडे रीतच आहे. त्यांनी फोन उचलला.

“अय्यो, सरोजिनीबाई, तुमचे जावई का? पोलिसात आहे हे बोलला नाहीत हो! यारप्पा नीनु? कोण रे बाबा तू, कुणाचा? गाव कुठलं?”

“फोन रखो! तुमको भी अरेस्ट करूँगा!”

“सासूसमोर हा आवाज? आईचं माहेर सांग आधी. कुलदैवत कुठलं?”

“मॅडम, मैं ऑफिसर...”

“असशील. मामाचं नाव विचारतेय मी! मामा नाही का तुला?”

पडदा काळा झाला. सरोजिनीबाई बाईंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. पुंजी जागच्या जागी होती.

तक्रार घ्यायला आलेल्या फौजदाराने सांगितलं, ही टोळी परदेशात बसते, कुंपणाआड माणसं कोंडून त्यांच्याकडून असले फोन करवते. देशोदेशीचे पोलीस मागावर आहेत. आम्ही सगळे छाती काढून ऐकत होतो. देशोदेशीच्या पोलिसांना चुकवणारा गडी आमच्या गल्लीत मामाच्या नावावर अडला!

वनजाबाईंचा चेहरा मात्र पडला. “कोंडलेलं पोर होतं? मग मामाचं नाव विचारायला नको होतं हो.”

यंदा सरोजिनीबाईंचं दार सताड उघडं होतं. बाहुल्यांत नवा खाकी शिपाई उभा. वनजाबाईंनी त्याला हळद-कुंकू लावलं, समोर उसळीची वाटी ठेवली आणि वाकून विचारलं, “जेवलास का रे?”